भुंग्याच्या नावाचा फोन

तुरुंगाच्या वकिलांनी तो प्रश्न अगदी सहज विचारला, चष्म्याची काच पुसता पुसता. त्याआधी त्यांनी बरंच काही विचारलं होतं, आणि तिनं आपल्या वकीलबाईंनी बजावल्याप्रमाणे तेवढ्यास तेवढी उत्तरं दिली होती. भावाचा घसा कधी बसला, त्यानं कोणाकोणाला सांगितलं, तुरुंगातल्या डॉक्टरांनी काय दिलं, मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरूनही कधी गाडी नाही म्हणून तर कधी बरोबर द्यायला शिपाई नाहीत म्हणून ते कसं राहून गेलं. मग ते म्हणाले की तुमचा भाऊ शेवटपर्यंत तुम्हाला फोन करत होता आणि ते फोन चांगले लांब चालत. ज्याचा घसा बंद झालाय असा माणूस इतका वेळ बोलेल कसा? ती म्हणाली की बोलत ती होती, तो फक्त ऐकत होता, त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तर हा दावा आहे. एक शब्दही नाही? नाही. त्यांनी चष्मा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "मग फोनवर तुमचा भाऊच होता, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"बहिणीला कळतं," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, पुढची तारीख पडली, आणि ती पिंजऱ्यातून खाली उतरली. उतरताना मात्र आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीनच असावी, तसं तिला झालं. वकीलबाई म्हणाल्या की छान दिलीत साक्ष, शेवटचं उत्तर तर फारच छान. ती हो हो म्हणाली, आणि बसमध्ये खिडकीशी बसून ते उत्तर मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत राहिली. दर वेळी ते थोडं अधिक खोटं वाटत गेलं.

भावाचं भुंगा हे नाव आईनं ठेवलेलं. खाताना, चालताना, शाळेच्या पायऱ्या उतरताना तो सदानकदा काहीतरी गुणगुणायचा, आणि हे आपण करतो याचा त्याला पत्ताच नसायचा. मोठा झाला तरी ते गेलं नाही. लाकडी सामानाच्या गोदामात कामाला होता, तिथल्या मालकाशी भांडण झालं, आणि एका संध्याकाळी त्यानं गोदामाला आग लावली. आत पहारेकरी असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. त्यानं ते केलं होतं, ती कोणापाशी कधी नाही म्हणाली नव्हती. तुरुंगात गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला फोनचं कार्ड मिळालं. त्या कार्डावरून फक्त घरचा आणि तिचा असे ठरवून दिलेले नंबर लागत, आणि यंत्र आधी कैद्याला त्याचं नाव बोलायला सांगून ते कायमचं धरून ठेवत असे. त्यानं खरं नाव न सांगता 'भुंगा' म्हटलं, आणि म्हणता म्हणता हसला. तेव्हापासून प्रत्येक फोनच्या आधी यंत्रातली बाई म्हणायची की तुरुंगातून फोन आहे, बोलणाऱ्याचं नाव, आणि मग तो हसरा, धडधाकट आवाज यायचा, भुंगा. आणि बाई पुन्हा म्हणायची की घ्यायचा असल्यास एक दाबा. एक दाबलं की त्याचा तेव्हाचा आवाज यायचा. सुरुवातीला दोन्ही आवाज एकच होते. मग दुसरा बसत गेला. ती पडदे शिवायची. बसत जाणारा आवाज ऐकताना तिला उन्हाच्या खिडकीवरचा पडदा आठवायचा, आधी दुमडीवर विरतो आणि मग एके दिवशी बोट लागलं की फाटतो. तो थट्टा करायचा. "ताई, डॉक्टरांनी इतक्या गुळण्या करायला लावल्यात की आता मासा व्हायचा राहिलोय." पुढे थट्टाही कुजबुजीत आली, आणि शेवटी नुसता श्वास राहिला, प्रत्येक श्वासाच्या शेवटाला एक बारीक शीळ.

त्या श्वासाशी ती बोलायची. आज कुठल्या घरी मापं घेतली, कुठल्या बाईला अस्तराचा रंग चारदा बदलून हवा होता, नवीन मशीनची सुई कशी सारखी तुटते. घरचा फोन आई घेई तेव्हा आई काय बोले ते ती विचारत नसे. आणि एका फोनवर, शीळ इतकी लांबली होती की ऐकवत नव्हतं, तेव्हा ती म्हणाली होती, थकलास ना, मग जा आता, आमच्यासाठी थांबू नकोस, आईचं मी बघते. पलीकडचा श्वास थांबला होता. मग एक लांब, खूप लांब उच्छ्वास आला आणि फोन कापला गेला. त्यानंतर लगेचच तुरुंगातून निरोप आला की तो गेला. शेवटचे काही आठवडे त्याला तुरुंगाच्याच दवाखान्यात ठेवलं होतं हे तेव्हा कळलं. गळ्यात गाठ होती. ती कापायची वेळ कधीच टळून गेली होती असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी प्रेत पाहून सांगितलं. तिनं रडण्याच्या आधी मनाशी म्हटलं होतं, त्यानं माझं ऐकलं. तेवढ्या एका गोष्टीवर ती हे सगळे महिने उभी होती. त्यानं घातलेल्या दाव्यात ती वारस म्हणून त्याच्या जागी आली. न्यायालयात पुकारा त्याच्याच नावानं होई आणि उठून उभी ती राही.

घरी आई दाराजवळच्या उजेडात बसून एका पांढऱ्या पडद्याच्या काठाला हातशिलाई घालत होती. वय झालं होतं, पण हात सरळ होता आणि डोकंही ठिकाणावर होतं. कसं झालं, आईनं विचारलं. बरं झालं, ती म्हणाली. चहा ठेवायला आत गेली तेव्हा आई बाहेरून म्हणाली, "आज भुंग्याचा फोन आला होता."

गॅस पेटवायला धरलेली काडी तिच्या बोटापर्यंत जळत आली. ती बाहेर आली. आई टाका घालत होती.

"काय म्हणालीस?"

"दुपारी. तू आज न्यायालयात आहेस म्हणून सांगितलं." आईनं दोरा दातानं तोडला. "अधूनमधून येतो. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

ती चिडली नाही. तिनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, आईनं तो झटकला. त्या दिवसापासून ती आईकडे चोरून पाहू लागली. आईनं मीठ जास्त घातलं, चपला उलट्या काढल्या, एकच गोष्ट दोनदा सांगितली, की तिच्या मनात काहीतरी गोळा व्हायचं. म्हातारपणी असं होतं, डॉक्टरांना दाखवायला हवं, असं ती ठरवायची. आणि त्याच वेळी घरातला फोन वाजला की ती आईच्या आधी धावायची. कधी कापडाच्या दुकानाचा असायचा, कधी चुकीचा. फोन ठेवल्यावर आपण कशासाठी धावलो हे तिला स्वतःला विचारायचं नसायचं.

पुढच्या आठवड्यात एका नव्या इमारतीत मापं घ्यायला ती गेली. घर रिकामं होतं, मालकांनी चावी दिली होती. तिला रिकामी घरं आवडत. पण त्या दिवशी प्रत्येक खोलीत तिच्याआधी कोणीतरी येऊन गेल्यासारखं वाटत होतं. भिंतींना ओल्या रंगाचा वास, आणि पाऊल टाकलं की पलीकडच्या खोलीत दुसरं पाऊल. शिडीवर चढून, मोजपट्टी दाताखाली धरून ती दांडीची जागा खुणावत असताना खिशातला फोन वाजला. यंत्रातली बाई म्हणाली की तुरुंगातून फोन आहे, बोलणाऱ्याचं नाव. आणि तो हसत म्हणाला, भुंगा.

मोजपट्टी खाली पडली आणि फरशीवर स्वतःभोवती गुंडाळत गेली. घ्यायचा असल्यास एक दाबा, बाई म्हणाली. तिनं दाबलं नाही. यंत्रानं पुन्हा सगळं म्हटलं आणि तो पुन्हा हसला, त्याच जागी, तितकाच. दुपारचं कडक ऊन त्या पडदे नसलेल्या खिडकीतून सरळ तिच्या चेहऱ्यावर येत होतं. असल्या उन्हात भिण्यासारखं काय आहे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि एका हातानं शिडी घट्ट धरून होती. तिनं एक दाबलं. पलीकडे श्वास होता. शेवटाला शीळ.

"भुंग्या?"

श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती एकेक पायरी उतरली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी वकिलांचा तो पुसलेला चष्मा डोळ्यांपुढे आला.

"बोलता येत नसेल तर बोटानं वाजव," ती म्हणाली. "हो असेल तर एकदा. नसेल तर दोनदा. तू भुंगा आहेस?"

मग टक. आणि थोड्या वेळानं, नाइलाजानं वाजवल्यासारखं, टक.

फोनवर भुंगा नव्हता. आणि गंमत अशी की त्याच क्षणी भीती मात्र गेली. ती विचारत गेली. भुंग्याच्या खोलीतला? एकदा. कार्ड त्यानं दिलं? एकदा. तुझं घरचं कोणी? दोनदा. तुझाही घसा? एकदा. डॉक्टरांना दाखवलंस? एकदा. "गुळण्या दिल्या?" तिनं विचारलं. पलीकडे शिळेचे दोनतीन तुकडे एकदम आले, खोकल्यासारखे. तो हसत होता हे तिला उशिरा कळलं. मग टक. आणि वेळ संपली म्हणून यंत्रानं फोन कापला.

वकीलबाईंच्या कार्यालयात दोन खुर्च्या होत्या आणि एक स्टूल, ज्यावर त्या सुजलेले पाय टेकवून बसायच्या. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पाय खाली घेतले. म्हणजे माणूस मेला तरी त्याचं कार्ड कोणी बंद केलं नाही, त्या म्हणाल्या. ज्यांना त्याचा आजार दिसला नाही त्यांना त्याचं मरणही दिसलं नाही. पण मग त्या विचारात पडल्या. तिनं शपथेवर सांगितलं होतं की फोनवर भाऊच होता. आता नव्हता, किंवा कधीपासून नव्हता ते माहीत नाही, असं म्हटलं तर तुरुंगाचे वकील तिची सगळीच साक्ष खोटी ठरवायला धावतील. आणि त्या माणसाला मेलेल्याचं कार्ड वापरल्याची शिक्षा आधी होईल, इस्पितळ नंतर. जपून पावलं टाकायला हवीत. कार्ड तर काय, लगेच बंद होईल.

"म्हणजे ते नाव सांगतो तो आवाज?"

"तोही जाईल," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना तो प्रश्न नीट कळला नव्हता. घरात भुंग्याचा दुसरा आवाज कुठेच नव्हता. फोटो होते, एक सदरा होता, पण आवाज तेवढाच.

ती म्हणाली की विचार करून सांगते. आणि विचार करण्याच्या नावाखाली तिनं दिवस जाऊ दिले. फोन आला की ती लगेच एक दाबत नसे. यंत्राला पुन्हा म्हणू देई, पुन्हा म्हणू देई, फोन कानात घुसेल इतका दाबून धरी. त्या एका शब्दात किती काय होतं. हसण्याच्या आधी त्यानं घेतलेली हवा, मागे कोणाचं तरी दार आपटणं, आणि शेवटच्या अक्षराला ती जुनी गुणगुण, जणू पुढे गाणं सुरू होणार होतं. पुरेसं ऐकून झालं की ती एक दाबायची आणि पलीकडच्या माणसाला म्हणायची की मी वकिलांशी बोलतेय, लवकरच काहीतरी होईल. तो टक करायचा. एकदा तिनं असंच सांगितलं तेव्हा टक आली नाही. शीळही नव्हती, हवा जाते की नाही असा एक कोरडा, घासल्यासारखा आवाज, आणि त्याच्यामध्ये लांब लांब फटी. त्या फटींत ती आपोआप आपला श्वास रोखून धरू लागली. फोन कापला गेल्यावर ती मशीनपुढे बसली, आणि कापड सुईखाली सरकवता सरकवता तिच्या लक्षात आलं की गाडी नाही, शिपाई नाही, लवकरच काहीतरी होईल, हे म्हणणाऱ्या माणसांत आता तीही एक आहे. त्यांच्यापाशी निदान गाडी खरंच नसेल.

ती उठून आईसमोर जाऊन बसली. म्हणाली, "आई, तो भुंगा नाही."

आईनं सुई कापडात खोचली. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्याच फोनला. भुंगा श्वास कसा घेतो ते मला कळणार नाही होय? हा नाकानं घेतो. भुंग्याचं नाक लहानपणापासून चोंदलेलं."

"मग तू बोललीस कशाला? भुंग्याचा फोन म्हणून मला सांगितलंस कशाला?"

"ते यंत्र तेच नाव सांगतं. मला दुसरं कुठे ठाऊक आहे?" आई म्हणाली. आणि मग, पडद्याचा काठ मांडीवर सरळ करत, "कोणीतरी ऐकत होतं ना ग."

पुढच्या तारखेला तिनं वकीलबाईंना आधी सांगून ठेवलं आणि न्यायाधीशांपाशी परवानगी मागितली. पिंजऱ्यात उभं राहून ती म्हणाली की मागच्या वेळी दिलेलं शेवटचं उत्तर चुकीचं होतं. भाऊ गेल्यावरही त्याच्या नावाचा फोन येतो, तिथे आता त्याच्या खोलीतला दुसरा माणूस आहे, आणि तो कधीपासून आहे हे तिला माहीत नाही. तुरुंगाचे वकील उभे राहिले. बहिणीला कळतं असं या बाई शपथेवर म्हणाल्या होत्या, त्यांनी आठवण करून दिली. चष्मा या वेळी डोळ्यांवरच होता.

"कळलं नाही मला," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाचा श्वास आणि परक्या माणसाचा श्वास मला वेगळा ओळखता आला नाही. कारण दोघांचा गळा एकाच जागी बंद होत आला होता. एकाचा झाला. दुसऱ्याचा होतोय, आत्ता, आपण इथे उभे आहोत तेव्हा."

तुरुंगाच्या वकिलांनी माहिती घेण्यासाठी पुढची तारीख मागितली. न्यायाधीश म्हणाले की तारीख देतो, पण त्या माणसाला आजच्या आज इस्पितळात नेऊन तसं मला कळवायचं, आणि कार्डाबद्दल त्याला हात लावायचा नाही. दुपारी गाडी मिळाली. शिपाईही मिळाले. कार्डही त्याच दुपारी बंद झालं. घरी आल्यावर ती फोनजवळ बसली. तो वाजणार नाही हे माहीत असताना त्याच्याकडे पाहत बसण्यात जी थंडी होती, ती तिनं आधी कधी अनुभवली नव्हती. खोली तीच होती, कापडाचे गठ्ठे तेच. पण कोणीतरी शेजारच्या खोलीत गुणगुणत होतं आणि ते आत्ता थांबलं, असं कानांना वाटत राहिलं.

दावा रेंगाळत चालू राहिला. त्या माणसाची शस्त्रक्रिया मात्र झाली. गळ्यातला आवाजाचा भाग काढून टाकावा लागला, पण माणूस वाचेल असं डॉक्टर म्हणाले. भेटायची परवानगी वकीलबाईंनी मिळवली, आणि ती आईला घेऊन गेली. दारात पोलीस बसला होता. खाटेवर एक थोराड, टक्कल पडलेला, भुंग्याशी कशातच न मिळणारा माणूस उशीला टेकून होता. एक हात खाटेला बांधलेला, गळ्यात नळी. नळीतून हवा जात होती. शीळ नव्हती. तिला एकदम परत फिरावंसं वाटलं. इतके दिवस आपण ज्याच्याशी बोललो तो हा, हे तिच्या कानांना पटत होतं आणि डोळ्यांना पटत नव्हतं.

ती स्टुलावर बसली. ठरवून आलेली वाक्यं विसरली, आणि जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. भुंग्याला तुरुंगाच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्याला फोन करता येत होता का? त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं. मोकळ्या हाताची दोन बोटं खाटेच्या लोखंडावर वाजली. टक, टक.

म्हणजे भुंगा गेल्यानंतरचेच फोन या माणसाचे नव्हते, आधीचेही होते. शेवटचे सगळे.

"एकदा मी म्हणाले होते," ती म्हणाली. "जा म्हणून. थांबू नकोस म्हणून."

तो ओठ हलवू लागला. आवाज नव्हताच; नुसते ओठ, सावकाश, समजून घ्यायला वेळ देत. तिला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं वाकून पाहिलं. त्यानं पुन्हा म्हटलं. चेहऱ्यावर काहीसा ओशाळलेपणा होता, सांगितलेलं काम न केलेल्या माणसासारखा.

मी नाही गेलो, ताई.

ती तशीच वाकलेली राहिली. भुंग्यानं तिचं ऐकलं नव्हतं. त्याला कोणी जा म्हटलंच नव्हतं. तो तसाच, एकटा, कोणी काही न म्हणता गेला होता. आणि ते जे शब्द तिनं भावासाठी जपून जपून काढले होते, ते या माणसानं गळा बंद होत असताना ऐकले, लांब श्वास सोडला, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा फोन लावला. तिचा हात आपणहून पुढे झाला आणि खाटेच्या गार लोखंडावर, त्याच्या बोटांपाशी, येऊन थांबला. बरं केलंस, ती म्हणाली. तिला ते दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

आई तोवर पलीकडच्या बाजूनं खाटेशी आली होती. तिनं त्याची चादर छातीपर्यंत ओढली, दुमड सरळ केली, आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत विचारलं, "बाळा, तुझं नाव काय रे?"

त्याचे ओठ हलले. आईनं ते पाहून एक नाव म्हटलं. त्यानं मान हलवली, नाही. पुन्हा ओठ हलले, अधिक सावकाश. आईनं दुसरं म्हटलं. नाही. दारातला पोलीसही मान वळवून पाहू लागला. आई अगदी जवळ वाकली, तिचे स्वतःचे ओठ त्याच्या ओठांबरोबर हलू लागले, आणि या खेपेला नाव बरोबर आलं. त्यानं डोळे मिटून घेतले. आईनं ते पुन्हा एकदा म्हटलं, नीट, मोठ्यानं, घरातल्या माणसाला आतल्या खोलीतून हाक मारावी तसं.